सोसायटीच्या दारात शिवारातली भाजी: शेतकरी आणि कुटुंबं मिळून थेट व्यवस्था कशी उभारावी

शेतकऱ्याकडून थेट भाजी घ्यावी असं शहरात पुष्कळ जणांना वाटतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप होतो, पहिल्या दोन खेपा उत्साहात जातात आणि पावसाळा यायच्या आत सगळं थंड पडतं. कारण बहुतेक वेळा एकच असतं. लोक स्वस्त भाजी मिळेल म्हणून आलेले असतात. मंडईत टोमॅटोचा भाव पडला की ते मंडईत जातात, आणि भाव चढला की शेतकरी माल मार्केट यार्डात पाठवतो. दोघांचंही बरोबर असतं, पण व्यवस्था मोडते. म्हणून सुरुवातीलाच सांगते: दोन्ही बाजूंनी हंगामाआधी शब्द देणं आणि तो पाळणं हेच या कामाचं मूळ आहे. बाकी सगळं, म्हणजे टेम्पो, क्रेट, हिशोब, शिकता येतं.

आपल्याकडे हे नवीन नाही. १९४८ साली मुंबईत नायगावातल्या गिरणी कामगारांनी अपना बाजार ही ग्राहक सहकारी संस्था उभी केली. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचं वाणसामान एकत्र आणते आहे. किराणा टिकतो, भाजी दुसऱ्या दिवशी माना टाकते, एवढाच काय तो फरक. त्या फरकामुळे जी जास्तीची शिस्त लागते, ती पुढे सांगते आहे. आमचा गट पुण्यात आहे आणि शेतकरी पुरंदर तालुक्यातले, त्यामुळे उदाहरणं तिकडची आहेत.

१. आधी खाणारे जमवा, मग शेतकरी शोधा

उलट क्रमाने गेलात तर शेतकरी माल घेऊन उभा राहतो आणि गिऱ्हाईक मिळत नाही. आधी कुटुंबांची यादी करा, आणि ‘इंटरेस्टेड’ म्हणून अंगठा दाखवणाऱ्यांना तिच्यात धरू नका. महिन्याचे पैसे आगाऊ भरतील तेच खरे सभासद.

किती कुटुंबं हवीत, हे टेम्पोच्या भाड्यावरून ठरतं. चार माणसांच्या घराला आठवड्याला साधारण पाच किलो भाजी लागते. चाळीस कुटुंबं म्हणजे दोनशे किलो, म्हणजे वीस किलोचे दहा क्रेट. समजा ‘छोटा हत्ती’चं येण्याजाण्याचं भाडं १,८०० रुपये आहे. दोनशे किलोला ते किलोमागे ९ रुपये पडतं. शेजारच्या सोसायटीला जोडून घेऊन चारशे किलो केलं, तर तेच साडेचार रुपयांवर येतं. वीस कुटुंबांत हेच भाडं किलोला १८ रुपये होतं आणि मग कितीही प्रेम असलं तरी हिशोब बसत नाही. तेवढीच कुटुंबं असतील तर शेतकऱ्याच्या यार्डात जाणाऱ्या गाडीतच तुमचे पाच क्रेट येतील का ते बघा.

आणखी एक गोष्ट पहिल्याच बैठकीत बोला. सोसायटीत काम करणाऱ्या मावशी, सुरक्षारक्षक, ड्रायव्हर यांनाही ही भाजी घेता आली पाहिजे. महिन्याचे पैसे आगाऊ भरणं त्यांना परवडत नाही. आम्ही आगाऊ भरणाऱ्यांच्या पिशव्या भरल्यावर एक टेबल खुलं ठेवतो. तिथे त्याच भावाने पावकिलोही मिळते आणि पैसे पगाराच्या दिवशी दिले तरी चालतात. फक्त पगारदारांच्या फ्लॅटपुरती असलेली व्यवस्था मला न्याय्य वाटत नाही.

२. शिवारात जा, आणि कुणाची उचल आहे ते विचारा

एका शेतकऱ्यावर अवलंबून राहू नका. पाण्याची मोटर जळाली, घरात लग्न निघालं, की तुमचा आठवडा रिकामा जातो. एकाच गावातले किंवा लागून असलेल्या गावांतले चार-पाच शेतकरी हवेत, म्हणजे गाडी एकाच वाटेने माल उचलते. तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि ‘आत्मा’ या सरकारी कृषी यंत्रणेकडे शेतकरी गटांची नोंद असते, तिथून सुरुवात करा. गावातल्या महिला बचत गटांनाही विचारा. पालेभाजी आणि वाळवण त्यांच्याकडे चांगलं मिळतं.

शेतावर जाताना निदान दोन-तीन सभासदांनी मिळून जावं. विहिरीला किंवा बोअरला उन्हाळ्यात किती पाणी असतं, ठिबक आहे का, मजूर कुठून येतात हे विचारावं. फवारणीची नोंदवही असेल तर बघावी, नसेल तर औषधाच्या बाटल्या बघाव्यात. बाटलीवरचा त्रिकोण लाल असेल तर औषध सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा असा उतरता क्रम असतो. फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करायची तेही लेबलवर छापलेलं असतं. ‘हे दिवस पाळता का?’ असा थेट प्रश्न विचारायला संकोच करू नका. चांगला शेतकरी त्याने दुखावत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र उचलीचा आहे. अनेक शेतकऱ्यांनी आडत्याकडून, म्हणजे यार्डातल्या दलालाकडून, बियाण्या-खतासाठी उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत माल त्याच गाळ्यावर घालायचा असतो. हे न विचारता तुम्ही त्याला तुमच्याकडे ओढलंत, तर त्याची अडीअडचणीची वाट बंद होते. आणि अडचण आली की त्याला रात्री दहा वाजता पैसे तुम्ही देणार नसता, आडत्या देणार असतो. म्हणून पहिल्या हंगामात त्याच्या मालाचा तिसरा-चौथा हिस्साच मागा. बाकीचा यार्डात जाऊ द्या.

३. भाव एकत्र बसून, कागदावर बसवा

इथे घाई करू नका. लागली तर दोन बैठका घ्या.

शेतकऱ्याला गेल्या हंगामाच्या पट्ट्या आणायला सांगा. पट्टी म्हणजे आडत्या देतो तो हिशोबाचा कागद. वर दिसणारा भाव आणि खाली हातात पडलेली रक्कम यांत हमाली, तोलाई, गाडीभाडं असं बरंच काही असतं. जुलै २०१६ मध्ये राज्यात फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे तो बाजार समितीतच विकायचं बंधन उठलं, आणि आडत (आडत्याचं कमिशन) शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. तरीही पट्टीवर काय काय कापलंय ते नीट वाचा. तुम्हाला हवी ती खालची रक्कम. तिला किलोने भागा.

मग खर्च मांडा. समजा वीस गुंठे भेंडी आहे. मशागत, बियाणं, खत, पाणी, फवारणी आणि तोडणी मिळून ३६,००० रुपये खर्च आला आणि विकण्याजोगी भेंडी दोन हजार किलो निघाली, तर किलोचा खर्च १८ रुपये. भेंडीला तोडणीचा खर्च मोठा असतो, कारण सुरू झाली की एक दिवसाआड तोडावी लागते. पंचवीस तोडे, प्रत्येक तोड्याला दोन बाया आणि ३५० रुपये हजेरी धरली तरी १७,५०० रुपये होतात. घरच्या बाईने तोडली तरी ही हजेरी लावायचीच. ‘घरचंच आहे’ म्हणून तो आकडा सोडून देण्याची सवय गावात आहे, तुम्ही तिला हातभार लावू नका. पैसे कुणाच्या खात्यात जाणार हेही त्याच बैठकीत विचारा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्याचा आग्रह धरला होता. त्याच धर्तीवर भाजीच्या पैशातला ठरलेला हिस्सा तिच्या खात्यात जावा, अशी मागणी गटाने जरूर करावी.

१८ रुपये खर्चावर कुटुंबाला संसार चालवायला काही उरलं पाहिजे. समजा १४ रुपये धरले, तर शेतावरचा भाव ३२ झाला. त्यात गाडीचे ९, निवड, क्रेट आणि नासाडीचे ३, वाटप सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या मानधनाचे ३. कुटुंबाला भेंडी ४७ रुपये किलो पडते आणि त्यातले ३२ शेतकऱ्याकडे जातात. हा हिशोब प्रत्येक सभासदाला दिसेल असा लावा. आमच्याकडे जिन्याखालच्या फळ्यावर प्रत्येक भाजीपुढे हे चार आकडे खडूने लिहिलेले असतात. ‘महाग का?’ हा प्रश्न त्यानंतर क्वचितच येतो.

आता बाजार वरखाली झाला तर काय? नियम आधीच लिहून ठेवा. आमचा असा आहे: ठरलेला ३२ रुपये भाव हंगामभर खाली येणार नाही, यार्डात भेंडी १० रुपये झाली तरी. यार्डातला हातात पडणारा भाव ठरलेल्या भावाच्या दीडपट, म्हणजे ४८ रुपयांच्या वर गेला, तर वरच्या रकमेतली निम्मी शेतकऱ्याला वाढवून द्यायची. तिकडे ६० रुपये मिळत असतील तर इकडे ३२ अधिक ६, असे ३८. त्या बदल्यात कबूल केलेला माल त्याने दुसरीकडे घालायचा नाही. तुम्हाला वेगळं सूत्र बसवायचं असेल तर बसवा, पण भाव चढल्यावर बसवायला जाऊ नका. तेव्हा कुणीच शांत डोक्याने बोलत नाही.

४. पेरणीचं वेळापत्रक स्वयंपाकघरात बसून करा

मेथी पंचवीस-तीस दिवसांत येते, पालक महिन्याभरात, कोथिंबीर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. सगळी मेथी एकदम पेरली तर एका आठवड्यात तीनशे जुड्या आणि पुढचे तीन आठवडे काहीच नाही. म्हणून दर आठ दिवसांनी थोडे थोडे वाफे टाकायचे आणि पाच शेतकऱ्यांत पिकं वाटून घ्यायची. हे शेतकऱ्यांना शिकवायला जाऊ नका, ते त्यांना कळतं. दर आठवड्याला किती जुड्या लागतील तो पक्का आकडा तेवढा तुम्ही द्या.

सणवार तुम्हीच सांगायला हवेत. चातुर्मासात किती घरं कांदा, लसूण, वांगी बंद करतात ते विचारा, नाहीतर चंपाषष्ठीपर्यंत वांगी परत जात राहतील. आषाढी आणि महाशिवरात्रीला रताळी, ऋषिपंचमीला अळू, माठ, भोपळा, कणसं, भोगीला पावटा, गाजर, ओला हरभरा. अशा दिवशी मागणी एकदम दुप्पट होते आणि मंडईत भावही. आधी पेरून ठेवलं असेल तर दोघांचाही फायदा.

उन्हाळ्यात पुरंदरसारख्या भागात पाणी आटतं. एप्रिल-मेमध्ये दहा भाज्या मागू नका. कांदा, लसूण, कडधान्यं, वाल, कुरडया-पापड आणि मिळतील त्या दोन-तीन फळभाज्या यांची पिशवी करा. पावसाळ्यात पालेभाजी सडते, पण पुरंदरचा वाटाणा त्याच दिवसांत येतो, नंतर सीताफळ. मावळ-मुळशीकडची ओळख असेल तर टाकळा, कुरडू, करटोली, भारंगी या रानभाज्या मागवा. त्यांच्यासोबत कशी करायची त्याची चिठ्ठी पाठवा, नाहीतर तरुण मंडळी पिशवीतून काढून ठेवतात. बियाण्याचंही विचारत राहा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणं जपली, त्यांना पद्मश्री मिळाली. पण घरात गावठी वांगं आणि वालाच्या शेंगा मागणारी माणसं असली, तरच शेतकरी पुढच्या वर्षी ते वाण पुन्हा लावतो.

५. तोडणी, गाडी, वजन, वाटप

पालेभाजी आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे, मुळांसकट काढावी. ओल्या गोणपाटात झाकून क्रेटमध्ये उभी रचली की पुण्यापर्यंत टवटवीत येते. भेंडी, गवार, कारली मात्र कोरडीच हवीत, पाण्याचा हबका मारला तर दुपारपर्यंत काळी पडतात. टोमॅटो नुकता रंग धरलेला तोडावा. पोत्यात भरलेला माल घेऊ नका, खालचा थर चेपतो आणि नासाडीचा वाद तिथेच सुरू होतो.

वजन दोनदा करा: शेतावर आणि सोसायटीच्या दारात. फरक पडला तर त्याच दिवशी फोन करून मिटवा. इलेक्ट्रॉनिक काटा वैधमापन विभागाकडून दरवर्षी पडताळून घ्यावा लागतो, तसा शिक्का असलेलाच काटा वापरा. आणि कडता, म्हणजे वजनातली मनमानी वजावट, बंद. ‘ओलं आहे, दोन किलो सोडा’ ही यार्डातली रीत तुमच्या दारात येऊ देऊ नका.

वाटपाचा दिवस आणि वेळ ठरलेली ठेवा. शनिवारी सकाळी आठ ते दहा सोयीचं पडतं. दर आठवड्याला दोन कुटुंबांची पाळी लावा, पण हिशोब एकाच व्यक्तीकडे ठेवा आणि तिला मानधन द्या. फुकट सेवेवर चालणारं काम एका उत्साही बाईच्या अंगावर पडतं आणि ती थकली की गट संपतो. उरलेला माल दहा वाजता खुल्या टेबलावर, त्यानंतर जवळच्या खानावळीला. दर आठवड्याला पंधरा-वीस किलो घेणारी एखादी खानावळ किंवा पाळणाघर जोडून ठेवलंत तर मोठा आधार होतो.

६. कागदपत्रं आणि साहित्य

नियमनमुक्तीमुळे ताजी भाजी बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट विकायला समितीचा परवाना लागत नाही. ताज्या भाजीवर जीएसटी नाही. तरीही एका फाइलमध्ये हे ठेवा:

– प्रत्येक शेतकऱ्याचा आठ-अ (खात्याचा उतारा) आणि ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाइलवरून केलेली पिकाची, नोंद असलेला सातबारा. पेरलेलं पीक सातबाऱ्यावर दिसतं, त्यामुळे दुसऱ्याचा माल स्वतःचा म्हणून येत नाही.
– शेतकऱ्याचं आधार आणि बँक पासबुकाची प्रत.
– भाव, माल आणि नियम यांचा एक पानी करार, सोप्या मराठीत, दोन्ही बाजूंच्या सह्यांसह.
– सोसायटीच्या व्यवस्थापक समितीचा लेखी ठराव: कुठली जागा, कुठला दिवस, किती वेळ. तोंडी परवानगीवर विसंबू नका, समिती बदलली की तीही जाते.
– लोणची, पापड, पीठ, मसाला असं काही बनवून विकणार असाल, तर बनवणाऱ्या बचत गटाची अन्न सुरक्षा नोंदणी. लहान उत्पादकांसाठी ती स्वस्त आहे आणि ऑनलाइन होते.
– काटा, क्रेट, गोणपाट, ताडपत्री, फळा, दोन वह्या. एक आवक-जावकीची, एक पैशांची.

भाजी रस्त्यावर मांडू नका. तिथे महापालिकेचे फेरीवाल्यांचे नियम लागू होतात. सोसायटीत जागा नसेल तर राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या विभागीय कार्यालयात चौकशी करा. संत शिरोमणी श्री सावता माळी शेतकरी आठवडे बाजार या नावाने २०१६ पासून शहरांत बाजार भरवले जातात आणि शेतकरी गटांना त्यात जागा मिळते.

७. ‘सेंद्रिय’ शब्द जपून वापरा

बहुतेक सभासद पहिला प्रश्न हाच विचारतात. खरं सांगा. शेतकरी शेणखत घालतो, पण गरज पडली तर एखादी फवारणी करतो, असं असेल तर फळ्यावर तसंच लिहा. प्रमाणपत्राशिवाय ‘सेंद्रिय’ लिहू नका.

प्रमाणपत्र हवंच असेल तर छोट्या शेतकऱ्यांसाठी पीजीएस-इंडिया ही सहभागी हमी पद्धत सोयीची आहे. जवळपासचे किमान पाच शेतकरी स्थानिक गट करतात, एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात आणि नोंदी ठेवतात. रसायनांकडून सेंद्रियकडे जाण्याच्या काळात ‘ग्रीन’ आणि पूर्ण झाल्यावर ‘ऑरगॅनिक’ असा दर्जा मिळतो. त्रयस्थ संस्थेच्या प्रमाणपत्रासारखा मोठा खर्च यात नाही. पाहणीला तुमच्या गटातल्या कुणाला तरी बोलवा अशी विनंती करा. पण हेही लक्षात ठेवा की रसायनं सोडली की पहिली दोन-तीन वर्षं उत्पन्न घटू शकतं. त्या काळात वाढीव भाव द्यायची तुमची तयारी नसेल, तर शेतकऱ्याकडे सेंद्रियचा हट्ट धरू नका.

८. जिथे गट मोडतात त्या जागा

पैसे थकणं ही पहिली. शेतकऱ्याचे पैसे वाटपानंतर दोन दिवसांत गेलेच पाहिजेत, सभासदाने दिले असोत वा नसोत. त्यासाठीच आगाऊ वर्गणी असते. एका महिन्याच्या खरेदीइतकी रक्कम खात्यात कायम ठेवा आणि खातं दोघांच्या सहीने चालवा. कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर गटाचे पैसे घेणं पहिल्या महिन्यातच बंद करा.

दुसरी जागा निवडीची. ‘मी माझी भाजी निवडून घेणार’ असं एकाने म्हटलं की शेवटच्या दहा पिशव्यांत उरलेसुरलेलंच राहतं. पिशव्या आधी भरून ठेवा आणि नावडती भाजी बदलायला एक ‘अदलाबदल’ क्रेट ठेवा. कारली आणि दोडका सर्वांत जास्त त्यातच जमतात, आणि ते नेणारेही ठरलेले असतात.

तिसरी, गारपीट आणि अवकाळी. पीक गेलं तर आगाऊ दिलेले पैसे परत मागायचे का? करारात लिहा. आमच्याकडे नुकसान निम्मं-निम्मं वाटून घेतात आणि उरलेली रक्कम पुढच्या पेरणीच्या बियाण्याला जाते. ही उचल बिनव्याजी असते आणि मालातून वळती होते. आडत्याच्या उचलीला तोडीस तोड अशी हीच एक गोष्ट गटाकडे असते, म्हणून या निधीत दर महिन्याला थोडी भर टाकत राहा.

९. नोंदणी कधी करायची

पहिलं वर्षभर साधा गट पुरे. उलाढाल वाढली, दुसरी-तिसरी सोसायटी जोडली गेली, गोदाम किंवा शीतपेटी घ्यायची वेळ आली, की नोंदणीचं बघा. शहरातल्या सभासदांना ग्राहक सहकारी संस्था काढता येते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० नुसार वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान दहा व्यक्ती लागतात, आणि उपनिबंधक कार्यालयात अर्ज करायचा असतो. शेतकऱ्यांना दहा उत्पादक मिळून शेतकरी उत्पादक कंपनी काढता येते. केंद्राच्या २०२० च्या योजनेतून मदत हवी असेल तर मैदानी भागात तीनशे सभासद लागतात, म्हणजे ते काम पाच शेतकऱ्यांचं नाही. नाशिकजवळ मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी कुठवर पोचली ते पाहून पहिल्याच वर्षी कंपनी काढण्याचा मोह होतो. पण कंपनी काढली की दरवर्षीचं लेखापरीक्षण आणि विवरणपत्रं आलीच, विक्री झाली नाही तरी. आधी विक्रीचा एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. मग शेतकऱ्यांना विचारा, सनदी लेखापालाची फी कुठल्या पैशातून देणार. त्याचं उत्तर वहीत दिसत असेल तर अर्ज करा.